एका रतलाचा हिशेब

"माणसे फार झाली, पुरणार तरी कसे?" हे वाक्य आजकाल कोणाच्याही तोंडून ऐकू येते. पाण्याच्या टँकरपुढे हंडे घेऊन ताटकळणाऱ्या बायका ते म्हणतात. एका जागेसाठी दारावर आलेल्या पन्नास पोरांकडे पाहून कारखान्याचा मुकादम ते म्हणतो. पंख्याखाली बसून वर्तमानपत्र वाचणारे गृहस्थही तेच म्हणतात. वाक्य एकच आहे, आणि त्यात काही तथ्यही आहे. मात्र एक गोष्ट आम्ही आजवर पाहत आलो आहोत. ही जी माणसे फार झाली, त्यांत आपणही एक आहोत असे म्हणणाऱ्याला कधी वाटत नाही. जास्तीची माणसे नेहमी दुसरीच कोणीतरी असतात.

आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण नगरवाचनालयात आणि दारसभांतून झाले. त्यामुळे आमची विद्वत्ता बेताची आहे. पण हिशेब मागण्याची सवय मात्र अंगात मुरली आहे. पुरत नाही असे कोणी म्हणाले की, किती आहे, किती लागते आणि मधल्या मध्ये कोठे जाते, हे तीन प्रश्न आम्हाला सुचतात. आजच्या विषयालाही आम्ही हेच तीन प्रश्न विचारणार आहो, आणि ते हवेत न विचारता आपल्याच मुलखातील एका दुष्काळाला विचारणार आहो. तो दुष्काळ म्हणजे १८७६ ते १८७८ चा दख्खनचा मोठा दुष्काळ.

या दुष्काळाचा आणि आपल्या या सभामंडपाचा एक संबंध आहे. वसंत ऋतूत लोकांसाठी व्याख्याने करण्याची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यास सुरू केली. ती सुरू होऊन दीड वर्ष होते न होते तोच पाऊस फसला, आणि व्याख्याने करणाऱ्या त्याच मंडळींना खेड्यापाड्यांतील भुकेचा हिशेब मांडण्यास बसावे लागले. तेव्हा वसंतात दुष्काळाची गोष्ट काढली म्हणून श्रोत्यांनी आम्हाला अरसिक म्हणू नये.

प्रथम त्या काळची परिस्थिती पाहू. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्याने ज्वारी-बाजरीची जमीन कापसाखाली घातली, सावकाराने हात सैल सोडला. युद्ध संपताच भाव कोसळला. कर्ज मात्र राहिले. त्यातच तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपून अनेक तालुक्यांत नवा, वाढीव सारा बसला होता. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली, आणि हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. म्हणजे पावसाने दगा देण्याआधीच शेतकऱ्याच्या घरचे कणगे रिते होते. १८७६ मध्ये पाऊस गेला. सोलापूर, त्यावेळचा कलादगी म्हणजे विजापूरकडचा मुलूख, सातारा, नगर, पुणे, बेळगाव, धारवाड या जिल्ह्यांत पिके वाळली. दक्षिणेत मद्रास इलाखा, म्हैसूर आणि हैदराबाद संस्थान येथेही तीच गत झाली.

आता पहिला प्रश्न. धान्य होते की नव्हते?

दख्खनच्या शेतात ते नव्हते हे उघड आहे. पण देशात ते होते. आगगाडी पुण्यावरून सोलापूर-रायचूरपर्यंत पोचलेली होती. ज्या प्रांतांत पीक बरे आले होते तेथून धान्य येऊ शकत होते आणि काही आलेही. पण ते आले बाजारभावाने. ज्याच्या कनवटीला पैसा होता त्याच्यापर्यंत ते पोचले. ज्याचे पीकच गेले, म्हणून मजुरीही गेली, त्याच्या दृष्टीने स्टेशनावर रचलेली पोती आणि चंद्रावरची पोती सारखीच. हिंदुस्थानातून धान्याची परदेशी निर्यातही या काळात बंद करण्यात आली नाही. व्यापारात सरकारने हात घालू नये, हे त्यावेळच्या राज्यकर्त्यांचे ब्रीद होते.

त्यांना दुसरे काही करता येण्याजोगे नव्हते असेही नाही. याला पुरावा एका माणसाच्या चरित्रातच आहे. १८७३-७४ मध्ये बंगाल-बिहारात दुष्काळ आला, तेव्हा तेथील मदतकार्याची सूत्रे सर रिचर्ड टेंपल यांच्याकडे होती. मुख्यतः ब्रह्मदेशातून सुमारे पाच लाख टन तांदूळ आणवून सरकारने तो वाटला, आणि माणसे फार थोडी मेली. याचे बक्षीस टेंपलसाहेबांना काय मिळाले? सरकारी पैसा उधळला म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. १८७७ च्या जानेवारीत व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी याच टेंपलसाहेबांना खास प्रतिनिधी म्हणून दक्षिणेच्या पाहणीस धाडले. दिल्लीचा दरबार नुकताच थाटात पार पडला होता, आणि खर्च आवरा ही साहेबांना ताकीद होती. साहेबांनी मागचा डाग धुऊन काढण्याचे मनावर घेतले.

त्यासाठी त्यांनी दुष्काळी कामावरच्या मजुरीचे नवे माप ठरविले: मोठ्या पुरुष माणसास दिवसाला एक रतल धान्याची किंमत आणि मीठमिरचीसाठी वर अर्धा-एक आणा. बायकांना आणि मुलांना याहून कमी. एक रतल म्हणजे आजच्या मापाने साडेचारशे ग्रॅम, जुन्या मापाने अर्ध्या शेराहून किंचित कमी. त्या धान्याच्या भाकरीतून अंगाला सोळाशेच्या आसपास कॅलरी मिळतात. दिवसभर खडी फोडणाऱ्या, मातीच्या पाट्या वाहणाऱ्या गड्याला याच्या जवळजवळ दुप्पट लागतात. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी हे त्याच वेळी सांगितले; तुरुंगात सक्तमजुरी करणाऱ्या कैद्यालाही यापेक्षा जास्त अन्न मिळते, हे त्यांनी दाखवून दिले. चोराला जे मिळते ते दुष्काळग्रस्ताला मिळू नये, असा हा न्याय होता.

या तुरुंगाच्या तुलनेत काही अतिशयोक्ती नव्हती. त्याच सुमारास, १८७६ मध्ये, दादाभाई नौरोजी यांनी मुंबईस हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचा आपला निबंध वाचला. देशाचे दरडोई उत्पन्न त्यांनी सालीना वीस रुपयांच्या घरात काढले, आणि नुसते जिवंत राहण्यास लागणाऱ्या खर्चाशी व कैद्यावरच्या खर्चाशी ते ताडून पाहिले. उत्पन्नाचा आकडा या खर्चाहून लहान निघाला. दुष्काळ पडण्यापूर्वीची ही स्थिती होती.

रतलाच्या या मापामागे एक तत्त्वज्ञान होते, आणि आजच्या विषयाचे मूळ तेथेच आहे. १७९८ मध्ये माल्थस नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने लोकसंख्येवर एक ग्रंथ लिहिला. माणसे चक्रवाढीने वाढतात आणि अन्न सरळ बेरजेने वाढते; म्हणून भूक, रोग आणि युद्ध यांनी माणसांची संख्या वेळोवेळी खाली येणारच, असे त्याचे म्हणणे. हा माल्थस १८०५ पासून १८३४ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, हेलीबरीच्या कॉलेजात अध्यापक होता. हे कॉलेज ईस्ट इंडिया कंपनीने आपले हिंदुस्थानातील अंमलदार तयार करण्यासाठी काढलेले होते. हिंदुस्थानचे कलेक्टर आणि कमिशनर होणाऱ्या तरुणांच्या कित्येक तुकड्या त्याच्या हाताखालून गेल्या. साहजिकच, रयत उपाशी मरू लागली की 'ही आपल्या संख्येमुळे मरते' हे उत्तर राज्यकर्त्यांच्या जिभेवर तयार असे. लिटनसाहेबांच्या कारभारातही हा सूर होताच. आज वाचवलेली माणसे उद्या आणखी माणसे जन्माला घालतील, मग दुष्काळ आणखी मोठा येईल. सबब फार वाचवू नये! या युक्तिवादात आकडेमोड आहे. पण रतलाचा आकडा कोणी ठरवला, हे त्यात कोठे येत नाही.

माल्थसला त्या मजुरांनीच उत्तर दिले, ते आम्हाला फार मोलाचे वाटते.

१८७७ च्या आरंभी मजुरी तोडण्यात आली. त्याच वेळी गावाजवळची लहान कामे बंद करून लोकांना दूरच्या मोठ्या कामांवर जाण्याचे हुकूम सुटले. तेव्हा मुंबई इलाख्यातील दुष्काळी कामांवरच्या मजुरांनी पाट्या-फावडी खाली ठेवली आणि ते कामावरून निघून गेले. ते थोडेथोडके नव्हते. बायकामुलांसह त्यांची संख्या लाखाच्या घरात होती. लक्षात घ्या, गिरणी कामगारांची संघटना अजून जन्मायची होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले ते यानंतर काही वर्षांनी. या मजुरांजवळ ना वर्गणी, ना निशाण, ना शिल्लक. उपाशी माणूस संप करू शकत नाही असे आम्हाला मालकांनी अनेकदा ऐकवले आहे. येथे उपाशी माणसांनी उपासमारीच्या मजुरीविरुद्ध संप केला, आणि तोही दगड न उचलता.

त्यांच्या पाठीशी पुण्याची सार्वजनिक सभा उभी राहिली. १८७० मध्ये स्थापन झालेल्या या सभेचे प्राण म्हणजे गणेश वासुदेव जोशी, लोकांचे 'सार्वजनिक काका', आणि रानडे. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत आपली माणसे धाडली, दुष्काळाच्या हकिकती जमविल्या, छापल्या आणि सरकारच्या पुढे टाकल्या. कोठे किती मजूर होते, किती निघून गेले, रतलाची किंमत काय पडते, हा सारा तपशील त्यांत होता. सरकारच्या आकड्यांना लोकांचे आकडे भिडविण्याचा आपल्याकडचा हा फार जुना प्रयत्न होय. इकडे जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाची मंडळी यांनी पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळातील मुलांसाठी अन्नछत्र चालविले. वासुदेव बळवंत फडके यांनी याच दुष्काळातली रयतेची दैना पाहिली आणि १८७९ मध्ये बंडाचे निशाण उभारले. प्रत्येकाने आपापल्या परीने त्या एका रतलाला उत्तर दिले.

संप जिंकला असे आम्ही म्हणणार नाही. टेंपलसाहेब त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले. पुष्कळ कुटुंबे कामावर परतलीच नाहीत. पाऊस पडल्यावर खंगलेल्या शरीरांवर पटकी आणि हिवताप तुटून पडले. ब्रिटिश मुलखात या दोन वर्षांत पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली असा अंदाज आहे. १८८१ च्या खानेसुमारीत सोलापूर जिल्ह्याची वस्ती १८७२ पेक्षा घटलेली निघाली. त्यावेळी काढलेली कामे मात्र आजही आहेत. दौंड-मनमाड लोहमार्ग, नीरेचा डावा कालवा आणि म्हसवडचा तलाव यांच्या मातीत त्या रतलावर जगलेल्या माणसांचा घाम मिसळला आहे. दौंडहून गाडीने मनमाडकडे जाताना आम्हाला दर वेळी याची आठवण होते.

पण संप वायाही गेला नाही. १८८० च्या दुष्काळ आयोगाने आणि त्यानंतर १८८३ मध्ये तयार झालेल्या दुष्काळ संहितेने एवढे तरी कबूल केले की, दुष्काळात काम देणे हे सरकारचे कर्तव्य आहे आणि मजुरी अंग धरून राहील इतकी असली पाहिजे. ते पाळले किती आणि मोडले किती हा वेगळा विषय. १८९६-९७ आणि १८९९-१९०० मध्ये पुन्हा माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. तरी पण एक तत्त्व कागदावर आले, आणि कागदावर आलेले तत्त्व पुढच्या पिढीला भांडायला उपयोगी पडते, हा आमच्या चळवळीतला रोजचा अनुभव आहे.

आता माल्थसचा सिद्धांत या इतिहासाशी ताडून पाहा. आजच्या भारताच्या हद्दीत १९०१ मध्ये सुमारे २३ कोटी ८० लाख माणसे होती आणि १९२१ मध्ये सुमारे २५ कोटी १० लाख. वीस वर्षांत वाढ जेमतेम सव्वा कोटी. दुष्काळ, प्लेग आणि १९१८ चा मानमोडीचा ताप यांनी माणसे वाढू दिली नाहीत. माल्थसच्या हिशेबाने उरलेली माणसे सुखी व्हायला हवी होती. वाट्याला जमीन अधिक, धान्य अधिक! प्रत्यक्षात ती अर्धपोटीच होती, आणि सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांच्याही आत होते. पुढे संख्या वाढली. १९५१ मध्ये ती ३६ कोटींवर गेली आणि २०११ मध्ये १२१ कोटींवर. पण १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर, म्हणजे परकी राजवट गेल्यानंतर, तसा संहार या देशात झाला नाही. माणसे कमी होती तेव्हा भुकेने मेली आणि पाचपट झाली तेव्हा वाचली, याचा अर्थ उघड आहे. भुकेचा निकाल नुसत्या शिरगणतीवर लागत नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर याची साक्ष १९७२ चा दुष्काळ देतो. राज्याची वस्ती तेव्हा पाच कोटी होती. पाऊस ओळीने फसला होता. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. आम्ही त्यावेळी पाळण्यात होतो, आणि तो पाळणा म्हणजे खडीच्या ढिगाजवळ बाभळीच्या फांदीला बांधलेले लुगडे होते, असे आमची आई सांगत असे. लाल मिलो आणि सुकडी यांची चव त्या पिढीच्या तोंडून अजून गेलेली नाही. मजुरी तुटपुंजी होती, मोर्चे निघत होते. पण १८७७ सारखी प्रेतांची रास पडली नाही. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात लहान प्रमाणावर करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना या दुष्काळात राज्यभर आली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे हे सरकारचे ऋण ठरले. शंभर वर्षांपूर्वी जे हात पाट्या खाली ठेवून गेले, त्यांचे मागणे असे मान्य झाले.

यासाठी पैसा कोठून आला, हे शहरातल्या श्रोत्यांनी ऐकण्यासारखे आहे. १९७५ मध्ये नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला, तो या हमीसाठी. आपल्या पगारपत्रकात दर महिन्याला ही कपात दिसते. तिच्याबद्दल जुन्या कामगारांची कुरकुर आम्ही अनेकदा ऐकली, आणि सुरुवातीला आम्हीही तीत सामील होतो. पण गावाकडे काम मिळाले तर शहराच्या दारावरची गर्दी कमी होते, आणि दारावरची गर्दी कमी झाली तर आतल्याची मजुरी टिकते, हे पुढे उमगले. बदलीवाल्यांची रांग जितकी लांब, तितका कायम कामगाराचा आवाज बारीक. माणसांच्या संख्येचा जीवनमानाशी संबंध असतो तो असा. तो आम्ही नाकारीत नाही. पण ही रांग कामाच्या अभावातून लांबते, पाळण्यांच्या संख्येने नव्हे.

येथवरचे भाषण ऐकून आमचे कामगार बंधू टाळ्या वाजवतात. पुष्कळ वर्षे आम्हीही येथेच थांबत असू. टंचाई ही खोटी असते, वाटणी अन्यायाची असते, एवढे सांगून खाली बसत असू. पण प्रामाणिकपणे बोलायचे तर येथे थांबता येत नाही. त्याला कारण आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट आहे.

आमच्या संघटनेच्या कामगारांची एक वस्ती होती. तेथे पाण्याचे हाल होते. आम्ही मोर्चा काढला, धरणे धरले आणि कूपनलिका मिळविली. पाणी लागले तेव्हा गुलाल उधळला. ते पाहून शेजारच्या वस्तीने मागणी केली. तीही आम्हीच लढवली. मग पलीकडच्या मळेवाल्यांनी आणखी खोल बोअर घेतले. चार-पाच वर्षांत त्या एका ओढ्याकाठी अकरा बोअर झाले, आणि एका चैत्रात ते सगळे एकामागून एक कोरडे पडले. वस्तीचे पडले, मळेवाल्यांचेही पडले. आम्ही पुन्हा मोर्चा काढला. कचेरीतला अधिकारी शांतपणे म्हणाला, "साहेब, मागणी रास्त आहे. पण खाली पाणीच नाही. मंजूर काय करू?" मालकाने नाही म्हटले तर काय करायचे हे आम्हाला ठाऊक होते. जमिनीने नाही म्हटले तर काय करायचे, हे आम्ही कधी शिकलोच नव्हतो.

त्या दिवशी आमच्या लक्षात आले की टंचाई दोन प्रकारची असते. एक वाटणीची आणि दुसरी साठ्याची. १८७७ ची टंचाई मुख्यतः वाटणीची होती. पोती होती, पण ती भुकेल्यापर्यंत जात नव्हती. आपल्यापुढे आज जी येऊ घातली आहे, तीत साठाच आटतो आहे. मराठवाड्यातली वडीलधारी माणसे म्हणतात की, बहात्तरला दाणा नव्हता पण पाणी होते. आता दाणा आहे पण पाणी नाही. एवढ्या थोड्या शब्दांत पन्नास वर्षांचा इतिहास कोणा पंडिताला सांगता आला नसता. बहात्तरनंतर खोल भोके पाडणारी यंत्रे खेडोपाडी आली. चाळीस-पन्नास फुटांवरचे विहिरीचे पाणी सोडून माणूस शेकडो फूट खाली गेला. जगात जमिनीखालून जेवढे पाणी उपसले जाते, त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा एकटा भारत उपसतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. ज्या रुळांवरून पूर्वी दुष्काळात धान्य येई, त्यांवरून पाणी आले.

मग माल्थस खरा ठरला काय? घाई करू नये. पाणी कोणी प्याले तेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात लागवडीच्या जमिनीपैकी फार थोडी जमीन उसाखाली आहे, पण सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक वाटा ऊस घेतो. आणि तो ऊस तोडायला कोण जाते? ज्यांच्या गावात रब्बीलाही पाणी नाही ती बीडकडची कुटुंबे. आपल्या शेतात पाणी नाही म्हणून दुसऱ्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडायचा, आणि पाचरटाच्या खोपीत सहा महिने काढायचे! त्यांच्या कोयत्याला मिळणारा दर ही वाटणीची गोष्ट आहे; पण त्यांच्या गावची आटलेली विहीर ही साठ्याची गोष्ट आहे. दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यावर बसल्या आहेत. एकीला सोडून दुसरीशी लढता येत नाही.

राहिला माणसांच्या संख्येचा प्रश्न. तो आपल्या राज्यापुरता बव्हंशी सुटत आला आहे, हे पुष्कळांच्या गावी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील एका स्त्रीमागे मुलांचे प्रमाण सरासरी १.७ निघाले, आणि साऱ्या देशाचे २. एका पिढीची जागा दुसरीने भरून काढायला २.१ लागतात. म्हणजे पाळणा लांबला आहे, आवरला आहे. हे कोणी केले? रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले, तेव्हा लोकांनी त्यांची कुचेष्टा केली. त्यांचा भर स्त्रीच्या स्वातंत्र्यावर आणि आरोग्यावर होता. उलट १९७६ मध्ये आणीबाणीत सरकारने आकडे पुरे करण्यासाठी गोरगरिबांना धरून शस्त्रक्रिया केल्या. आपल्या विधिमंडळाने तर सक्तीचे विधेयकही मंजूर केले होते, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही एवढेच. सक्तीने काय साधले? लोक दवाखान्याला भिऊ लागले. पुढे मुली शाळेत गेल्या, पहिली दोन मुले जगतील असा भरवसा आईला आला, तेव्हा संख्या आपोआप आवरली. आमच्या संघटनेतल्या बायकांना हे कोणी शिकवावे लागले नाही. जगण्याची खात्री वाढली की पाळणे कमी होतात. माल्थसने नेमके याच्या उलट सांगितले होते.

तेव्हा पुढची भीती आणखी तोंडांची फारशी नाही. जी तोंडे आहेत त्यांतील काहींच्या वाट्याची, आणि सर्वांच्या पायाखालच्या साठ्याची आहे.

जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. दुष्काळाच्या जखमा तेव्हा ताज्या होत्या. १८७८ च्या जंगल कायद्याने रयतेची कुरणे आणि सरपण हिरावले गेल्याची तक्रार त्यांनी केली, ही वाटणीची बाजू. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. सरकारने रिकाम्या फौजेकडून आणि पोलिसांकडून ठिकठिकाणी लहान ताली-बंधारे बांधून घ्यावेत, म्हणजे पाणी जमिनीत मुरेल, अशी सूचनाही त्यांनी केली, ही साठ्याची बाजू. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी या माणसाने दोन्ही बाजू एका पुस्तकात धरल्या होत्या. आम्ही त्यांच्या नावाच्या घोषणा दिल्या, आणि पुस्तकातली अर्धी बाजू विसरलो.

ती विसरलेली बाजू एका गावाने उचलून धरली आहे. नगर जिल्ह्यात, ज्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, हिवरे बाजार म्हणून गाव आहे. रोजगार हमीच्या कामातून आणि श्रमदानातून तेथे चर, बांध, बंधारे झाले. पण आमच्या मते त्या गावाची खरी करामत वेगळी आहे. पाऊस किती पडला, किती मुरला, पिण्याला किती आणि पिकाला किती, हा हिशेब तेथे ग्रामसभेत सर्वांसमक्ष मांडतात, आणि मग कोणते पीक घ्यावयाचे ते ठरते. ऊस नाही, शेतीसाठी बोअर नाही, असा गावाने नियम केला. हा नियम कोणी साहेबाने वरून लादलेला नाही, म्हणून तो पाळला जातो.

टेंपलसाहेबांनी एक रतल ठरविले, तेव्हा ज्यांनी ते खायचे त्यांना कोणी विचारले नव्हते. त्या मापातला अन्याय तेथे होता. माप घालणे हे पाप नाही. साठा मर्यादित असला की माप लागतेच. पण ते माप सर्वांना सारखे असावे, सर्वांसमोर ठरावे, आणि ठरविणाऱ्याच्या ताटालाही लागावे. आपल्या शहरात एका बंगल्याच्या बागेला जेवढे पाणी लागते, तेवढ्यात एका चाळीचे चूल-मोरीचे भागते. त्या बागेला माप नाही आणि चाळीच्या नळाला मात्र वेळ आहे, तोवर "माणसे फार झाली" हे वाक्य आम्ही मुकाट्याने ऐकून घेणार नाही. पण चाळीच्या नळासाठी भांडताना धरणात किती शिल्लक आहे, हा प्रश्नही आम्ही यापुढे टाळणार नाही. आमच्या संघटनेच्या मागणीपत्रकात मजुरी, महागाई भत्ता, बोनस यांच्या जोडीला आता आणखी एक कलम असते: कारखान्याने आणि नगराने आपल्या पाण्याचा हिशेब दर साल जाहीर वाचून दाखवावा. पहिल्या वर्षी आमचेच लोक हसले. आता ते सभेत आकडे विचारतात.

१८७७ च्या त्या मजुरांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. पाटी खाली ठेवून त्यांनी एकच विचारले, की एका रतलात माणूस कसा जगेल. तो प्रश्न आपल्याला वारशाने मिळाला आहे. त्यात आपल्या काळाने दुसऱ्याची भर घातली आहे: विहिरीत उरले किती? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ज्या गावात, ज्या शहरात एकाच सभेत आणि सर्वांच्या देखत दिली जातील, तेथे कोणाला कोणी जास्तीचे वाटणार नाही.